मुंडमाळेचा साचा

चितारओळ, नागपूर
९ ऑक्टोबर १९७३

प्रेमिला,

आशीर्वाद नेहमीचा आहेच, तो धरून चाल.

तारीचा लाल फराक दोरीवर राहिला, खोकल्याचं औषध खिडकीत राहिलं, अन् तू पोट्टीले कडेवर घेऊन कुहीच्या मोटारीत बसली. सासूले सांगणं नाही, सासऱ्याले सांगणं नाही. मी नळावरून आली तं घर सताड उघडं अन् शेगडीवरचा भात जळून कोळसा. शेजारची वच्छला म्हणते, तुमची सून रडतबी नव्हती वं, निस्ती चालत होती. घरातून असं जातात काय? दोन महिने झाले माहा रविंद्र जाऊन. माहेरी जाचं होतं तं बापाले बोलवाचं, रीतीनं जाचं. मी लोकायले सांगितलं की तुहा बाप आजारी आहे. बाबारावले सांगून ठेवजो, कोणी विचारलं तं आजारी राहा म्हणा.

तू काहून गेली ते मले माहीत आहे. पडवीतल्या फळ्यावरचं गोणपाट तू उचललं. बंगाली लोकायच्या कालीची मुंडकी वाळत होती, ती पायली. मंग वच्छलेले सांगून गेली की त्या पन्नासही मुंडक्यायवर ह्यायचंच, रविंद्रचंच तोंड आहे. तिच्या पोटात काही राहते का? दुपारपर्यंत पुऱ्या गल्लीले माहीत.

तुले या घरात चार वर्षं झाली. दरसाली दसऱ्यानंतर अजनीच्या रेल्वेतल्या बंगाल्यायची काली आपल्या इथी होते. देवी तुहे सासरे करतात, तिच्या गळ्यातली मुंडकी मी करते. माह्या सासूच्या हातापासून हे बायाचं काम. साच्यात माती दाबाची, उलटी करून फळ्यावर टाकाची, दुसरी घ्याची. चार वर्षं तू पाहून राहिली, तेव्हा काही झालं नाही. साच्यातून जे निघते ते निघते बाई. माती काही माणूस ओळखत नाही. तुह्या डोळ्यात तो बसला आहे, तुले आता भाकरीतही तोच दिसन.

पोट्टीचा खोकला कसा आहे ते कळवजो. अन् चार दिवसांत ये. मुंडक्यायले रंग द्याचा आहे, गळ्याजवळ लाल लावाचं आहे. तुहा हात हलका आहे म्हून सांगते. माह्यानं ते बारीक काम होत नाही आता.

गोपिका


चितारओळ
१४ ऑक्टोबर १९७३

प्रेमिला,

बाबारावचं कार्ड मिळालं. इवाई असून त्यायनं मले 'श्रीमती गोपिकाबाई यांस' असं लिहिलं, कचेरीतून नोटीस यावी तसं. पोरगी येणार नाही म्हणतात. ठीक आहे. पण खाली तुह्या हातची एक ओळ आहे, तिच्यापाई मी दोन दिवस जेवली नाही.

'आत्याबाई, जुना साचा कुठं आहे?'

तू सातवी शिकलेली, म्हून असं विचारते. मी दुसरी. मीबी आता सरळ सांगते.

जुना साचा गणपतीच्या विसर्जनानंतर तडकला. माह्या सासूच्या सासूचा होता, भाजलेल्या मातीचा. मधोमध चीर गेली. यायनं म्हटलं, नवा करून घे, घाई नाही. मले कुठी धीर असते. मी गोळा घेतला अन् हातानंच एक मुंडकं केलं, त्याच्यावर नवी माती दाबून साचा काढला, कुंभाराच्या आव्यात भाजून घेतला. तोच हा साचा.

माह्या सासूचा एक कायदा होता, तुले सांगितला नव्हता कारण गरज पडली नव्हती. मुंडक्याले नाक-डोळे कामापुरते द्याचे. ओळखू येईन असं तोंड कराचं नाही. एकदा मी नवी होती तेव्हा माह्या हातून एक गालफुगं मुंडकं झालं, थोडं माह्या मोठ्या दिरासारखं. सासूनं ते उचललं, मुठीत चेपून टाकलं, अन् म्हणाली, 'देवीच्या गळ्यात नात्यागोत्याचं कोणी बांधत नाहीत वं.' दीर जिता होता तेव्हा. आम्ही दोघी हसलो.

मले हे माहीत असून मी केलं. पण मी ठरवून नाही केलं, हे तुले तारीची आण घेऊन सांगते.

रविंद्रले जेव्हा मातीच्या खालून काढलं तेव्हा तू इथी नव्हती. नागपंचमीले तू माहेरी होती. तुले आणेपर्यंत त्याले धुऊन, कोरं धोतर नेसवून ओसरीत ठेवलं होतं. धुतलं मी. त्याच्या नाकात माती, पापण्यात माती, ओठाच्या आत माती. आंगठ्यानं काढली. पाणी घेऊन नाकाच्या बाजूनं आंगठा फिरवला, भुवईवरून फिरवला, हनुवटीच्या खळीत फिरवला. आम्ही मूर्तीले शेवटचा हात असाच देतो, पाण्याचा. बायका रडत होत्या अन् मी मूर्ती पुसावी तशी त्याले पुसत होती. माहा आंगठा तेव्हाच ते तोंड शिकला असन. दीड महिन्यानं गोळा हातात घेतला तं त्यानं तेच केलं.

मुंडकं वाळल्यावर मले दिसलं. डोळे मिटलेले, डाव्या भुवईत ती लहानपणीची खोक. मी त्याच्यावर साचा काढला. पायल्यावर काढला. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

तुह्या सासऱ्यायले पन्नास मुंडकी वाळेपर्यंत दिसलं नाही. ते देवीच्या मागं होते. तू गेल्यावर त्यायनं गोणपाट उचललं.  मंग म्हणाले, 'हे काय केलं वं तू?' मी म्हटलं, काली उशिरा देऊ का बंगाल्यायले?  चिलीम घेऊन मागच्या दारी बसले. दुसऱ्या दिवशी आपणच सुतळी घेऊन एकेक ओवलं. ओवताना तोंड दुसरीकडं केलतं.

त्या दिवशी दुपारी नलिनीबाबू आले, बंगाल्यायचे पूजेचे मुखिये. तूच त्यायले चहा देत होती दरसाली. तीस वर्षं नागपुरात काढली, तरी मराठी आलं तं आलं. देवी पाहून खूष झाले. माळेजवळ गेले अन् थांबले. त्यायले रविंद्र माहीत होता, दरसाली हातगाडीवर देवी तोच पोचवत होता.

मी म्हटलं, 'बाबू, काही बोलाचं असन तं बोला.'

ते म्हणाले, 'बाई, तुम्हाला मालूम आहे, ये मुंड काय आहे?'

'मेलेल्या लोकायची डोकी. दुसरं काय?'

'नहीं. पन्नास मुंड म्हणजे वर्णमालेचे पन्नास अक्षर. माँ जब सारी दुनिया समेट लेती है, तब सगळे शब्द, सगळे नाव आपल्या गळ्यात घालून घेते. कुछ भी फेंकती नहीं. जो कटा है, तो 'मी' कटा है, माणूस नाही.'

'माहा पोरगा अक्षर नव्हता बाबू,' मी म्हटलं. 'सव्वीस वर्षांचा होता. त्याच्यात 'मी' म्हणाची जागा तरी कुठी होती, तोंडातून शब्द निघत नव्हता त्याच्या.'

 मंग मलेच वाईट वाटलं. म्हातारा माणूस चांगलं सांगाले गेला. मी म्हटलं, चहा घ्या. चहा मीच केला, साखर जास्त झाली.

आपल्या म्हादेवाच्या आंगाले राख असते, त्याचं मले कधी काही वाटलं नाही. लहानपणी माय चुलीतली राख कपाळाले लावून द्याची अन् म्हणाची, म्हादेवाची आहे. कोणाची राख ते कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटते. देवाच्या आंगावर इतकी मेलेली माणसं काहून आहेत, अन् आपण हात जोडून उभं राहतो, कोणी विचारत कसं नाही?

साचा माह्याजवळ आहे. तुह्या ओळीचं उत्तर एवढं.

गोपिका


चितारओळ
२० ऑक्टोबर १९७३

प्रेमिला,

तुहं दोन पानांचं पत्र आलं. वच्छलेच्या पोरीकडून वाचून घ्याची पाळी नाही आली, मीच वाचलं, चार वेळा.

तू लिहिते की तारी विसरून राहिली. कोणी 'बाबा कुठी आहे' विचारलं तं ती बाबारावच्या बैलाकडं बोट दाखवते. तिले बापाचं तोंड दाखवाले तुह्याजवळ काही नाही. लग्नाच्या फोटोत त्याची मान खाली अन् मुंडावळ्या पुढं आलेल्या, नाक तेवढं दिसते. म्हून तू म्हणते, त्यातलं एक मुंडकं द्या, रंग नको, गळ्याले लाल नको, अन् मंग साचा फोडून टाका. दरसाली पन्नास वेळा त्याची मान कापलेली मी पाहू शकत नाही, साचा फुटला तं मी घरी येईन.

दोन गोष्टी मागितल्या. दोन्हीचं सांगते.

मुंडकं नाही राहिलं. देवी काल गेली. पन्नासच्या पन्नास माळेत गेली, एकही जास्तीचं केलं नव्हतं. या वेळी हातगाडी भाड्याच्या माणसानं नेली.

अन् साचा मी फोडणार नाही. तू रागावली तं राग. तुले कुंकू गेलं, मले कळते. पण तू पंचवीसची आहे, बाबाराव आज ना उद्या तुह्यासाठी दुसरं घर पाहीन, अन् पाहावंच, मी आडवी येणार नाही. मले दुसरा रविंद्र कोण देईन? दरसाली पंधरा दिवस तो माह्या हाताखालून जाईन. एवढंच मागून राहिली मी.

आता एक गोष्ट आहे ती लिहून टाकते, मंग तुले काय कराचं ते कर.

गल्लीत सगळे म्हणतात की पोरानं नागपंचमीले माती खणली, मंग नाग सोडीन का? तुह्यासमोरही म्हणाले. तू दहाव्या दिवशी मले विचारलतं, 'आत्याबाई, हे पंचमीले कसे गेले, यायले तं सगळे सण माहीत होते.' मी म्हटलं, गेला असन डोक्यात येऊन. तू ते मानून घेतलं. मी दोन महिने ते तसंच राहू दिलं.

मी पाठवला त्याले.

गणपतीची माती संपत आलती. पाणी चार दिवसांनी थांबलं होतं. तो सकाळी नागाचं चित्र काढून, लाह्या-दूध ठेवून ओसरीत बसला होता. मी म्हटलं, मौद्याकडच्या नाल्यातून एक खेप आण. तो म्हणाला, 'माय, आज जमिनीले कुदळ लावत नाहीत. उद्या उजाडताच जातो.' मी म्हटलं, 'गणपती काय नागाले विचारून येणार आहे का? उद्या पाणी लागलं तं?' तो आणखी एकदा म्हणाला, 'बापानं कधी पंचमीले खणलं नाही.' मी म्हटलं, 'मंग बापाजवळच बस जाऊन, मी जाते कुदळ घेऊन.' तेव्हा उठला. पायात वाहाण घालता घालता हसला, म्हणे, तू गेली तं नागालेच भेव वाटीन.

नाल्याचा काठ वरून वाळलेला होता, आतून पाणी पिऊन फुगलेला. अर्धी खेप भरली होती त्यानं. बाकीचा काठ त्याच्यावर आला.

ती अर्धी खेप नाल्यावरच्या लोकायनं गाडीत घालून घरी आणून दिली, भल्या मनानं. मी ती कोपऱ्यात झाकून ठेवली होती. कालीची माती तीच आहे. मुंडक्यायची पण. ती सगळी त्यातच संपली.

नागानं काही केलं नाही, प्रेमिला. त्यानं सण मोडला नाही. तुह्या नवऱ्याले देवाधर्माची चाड होती. हे तारीले मोठी झाल्यावर सांगजो. मी मेली असली तरी सांगजो, कोणी मोडवलं ते पण.

गोपिका


चितारओळ
२७ ऑक्टोबर १९७३

प्रेमिला,

तुहं पत्र नाही. येईन असं वाटलं नव्हतंच. तरी लिहून राहिली, कारण तू मुंडकं मागितलं होतं, त्याच्या खेपेची माती संपली होती, म्हून मी माळेतलंच आणाले गेलती.

परवा पूजा झाली. काल सकाळी स्वयंपाक टाकून अजनीले चालत गेली. कमरेले कोरणी अन् फडकं बांधलं होतं. नलिनीबाबूले म्हटलं, 'माळेतलं एक मुंडकं काढून द्या. माह्या नातीले पाहिजे.'

ते म्हणाले, 'अभी नहीं. अभी माँ आहे मूर्तीत. प्राण आहे. मुंड काढला तर माँचा गळा कापला.'

'मंग केव्हा?'

'थोडी देर. दर्पण होऊ द्या.'

त्यायच्यात असं आहे. पितळेच्या परातीत पाणी ठेवतात अन् पाण्यात आरसा धरतात. देवीचं तोंड आरशात दिसलं पाहिजे, मंग पुरोहित मंत्र म्हणून पाणी हालवतो. तोंड मोडते. झालं, देवी गेली. त्यानंतर मूर्ती म्हणजे निस्ती माती, कोणी हात लावा. मी आरशाजवळच उभी होती. पाणी हाललं, तोंड मोडलं, अन् नलिनीबाबूनं माह्याकडं मान हालवली. म्हणजे, घ्या आता.

पण बाया पुढं आल्या. सवाष्णी देवीच्या तोंडाले पेढा लावतात, विड्याच्या पानानं गाल पुसतात, कुंकू लावतात, घरून पोरगी निघाली तशा रडतात. मी थांबली. एक म्हातारी पांढऱ्या लुगड्यात बाजूले होती. विधवेले त्या कुंकवात जागा नसते, आपल्यासारखंच. ती मागून हळूच आली अन् वाकून माळेतल्या सगळ्यात खालच्या मुंडक्याच्या गालावर बोट ठेवलं. म्हणते, 'ये मेरा खोका है.' खोका म्हणजे पोरगा.

मले राग आला. मी म्हटलं, 'नाही बाई. हा माहा रविंद्र आहे. मी केला आहे.'

तिनं माह्याकडं पायलं. मंग मुंडक्याकडं पायलं. म्हणाली, 'हाँ. वो भी.'

बस, एवढं. पदरानं त्याच्या गालावरचं कुंकू पुसलं, उडून पडलं होतं थोडं, अन् बाजूले जाऊन उभी राहिली. तिचा कवा गेला, कसा गेला, मी काही विचारलं नाही. तिनं पण मले विचारलं नाही.

मी कोरणी काढली. स्टुलावर चढली. जवळून पायलं तं तो नव्हता वं. रंग चढला होता, मिशा काळ्या केल्या होत्या, गळ्याले लाल. तुह्या सासऱ्यायनं खाली मान घालून रंगवलं, जसं हाताले येईन तसं. भुवईची खोक रंगानं भरून गेली. पन्नासातलं कोणतं काढू ते मले समजेना. ह्याले काढलं तं तो शेजारचा काय परका आहे? खालून कोणी म्हटलं, बाई लवकर करा, गाडी आली. मी तशीच उतरली.

मंग आपल्या शुक्रवारी तलावावर गेली त्यायच्या मागं. दुपारचं ऊन होतं. मी आजपर्यंत शेकडो मूर्त्या पाण्यात जाताना पायल्या, कधी थांबली नाही, घरी काम राहते. काल थांबली. देवी पाठीवर गेली. माळ वर आली एकदा, पाण्यावर तरंगल्यासारखी, पन्नासही तोंडं आभाळाकडं. मंग रंग सुटला, मंग माती सुटली. पाणी थोडं गढूळ झालं, ते पण जास्त नाही. वीत-दीड वीत.

नलिनीबाबू म्हणतात ती कोणाले फेकत नाही. मी तं काल पायलं की तिनं सगळेच सोडले. माया नसन तिले असंही नाही, पंधरा दिवस छातीशी घेऊन होती. सोडाची वेळ आली तं सोडले. तिच्या आंगावर मेलेली माणसं काहून असतात याचं मले एवढंच समजलं, अन् ते समजून माहा जीव हलका झाला नाही. उलट घरी येऊन मी पडवीत गेली तं फळी रिकामी, अन् पहिल्यांदा, प्रेमिला, पहिल्यांदा मले तो गेल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी राख आणली तेव्हा नाही वाटलं. दहाव्याले कावळा शिवला तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मले मनात गणपतीच दिसत होते, इतके राहिले, इतके झाले.

चंपतराव पाठीमागं येऊन उभे राहिले. (नवऱ्याचं नाव लिहिलं, लिहिलं तं लिहिलं.) म्हणाले, 'जेवतं का?' मी म्हटलं, 'मी पाठवलं होतं त्याले.' म्हणाले, 'मले माहीत आहे. मी ओसरीच्या आतच होतो.' मंग आम्ही जेवलो.

तो माणूस तीन महिने हे घेऊन बसला अन् मले एक शब्द बोलला नाही.

गोपिका


चितारओळ
१ नोव्हेंबर १९७३

प्रेमिला,

हे पत्र पोस्टानं नाही, तुह्या सासऱ्यायच्या हातानं पाठवून राहिली. त्यायच्या मांडीवर जो डबा आहे तो सांभाळून घेजो, आडवा करू नको. मोटारीत पुऱ्या वाटेनं हातात धरून बसतो म्हणाले.

काल सकाळी साच्यात दुसऱ्या मातीचा एक गोळा दाबला, शेवटचा. काढून बाजूले ठेवला. मंग साचा पायरीवर आणला अन् बत्त्यानं फोडला. तू सांगितलं म्हून फोडला असं समजू नको. तू ये की नको येऊ, त्याच्यासाठी पण नाही फोडला. तुहं येणं मी मातीच्या तुकड्यावर तोलून घेत नाही. ज्या बाईनं तुह्या नवऱ्याले पंचमीले कुदळ देऊन पाठवलं तिच्या घरी तू येशील असं मी धरून चालत नाही. बाबारावनं दुसरं घर पायलं तं मले कळवाची पण गरज नाही. तारीले कधी इकडं पाठवलं तं तिचा फराक धुऊन ठेवला आहे. आता तिले तो आखूड होईन.

तुकडे नळाजवळच्या हौदात भिजाले टाकले होते. भाजलेली माती भिजत नाही, हे मले माहीत नाही काय? तरी टाकले. यायनं काढून पोत्यात भरले.

आता डब्याचं ऐक.

त्यात तो आहे. गळ्याले लाल नाही. मान कापलेली होती ती मी खाली माती लावून खांद्यापर्यंत केली, म्हणजे माणूस बसल्यासारखा दिसन. मिशी त्याची होती तशी बारीक ठेवली. भुवईची खोक आहे. केस मागं वळवले, तो तेल लावून वळवाचा तसे. कानाच्या पाळ्या तुह्या सासऱ्यायनं केल्या, म्हणाले त्याचे कान माह्यावर गेलते.

डोळे मिटलेले आहेत. साच्यात मिटलेलेच होते, कारण मी धुतलं तेव्हा मिटलेले होते. तारीले झोपलेला बाप दाखवून काय उपेग? म्हून आज मी ते उघडाले बसली. आम्ही लोक देवाचे डोळे उघडतो, माह्या सासऱ्यापासून, सगळ्यात शेवटी, आंघोळ करून. मी आंघोळ केली, बांबूची काडी टोकदार केली, त्याले समोर घेतलं. सकाळपासून दुपार झाली. मले त्याचे उघडे डोळे आठवून नाही राहिले, प्रेमिला. सव्वीस वर्षं माह्यासमोर वावरला अन् मी कधी कामातून मान वर करून त्याच्याकडं नीट पायलं नाही. पंचमीले हसला तेव्हा पण मी माती चाळत होती, हसण्याचा आवाज ऐकला फक्त. वरची पापणी किती जड होती, बुबुळ कुठी बसत होतं, तुहं नाव घेताना बारीक होत होते की नाही, मले काही येत नाही. यायले विचारलं, ते म्हणाले, 'असेच होते, चारचौघांसारखे.'

तुले येत असन. तू पायले आहेत.

माती ओली आहे. फडक्यावर सकाळ-सांज पाणी शिंपडजो, जास्त नाही, पिळलेल्या कपड्याएवढी ओल राहू दे. उन्हात ठेवू नको, चुलीजवळ ठेवू नको. अशी चार दिवस राहीन, थंडी आहे तं पाच. डब्यात बांबूच्या दोन काड्या आहेत, एक बारीक, एक चपटी. आधी चपटीनं वरची पापणी उचल, खालच्या पापणीले हात लावू नको. हात थरथरला तं थांब, मंग कर. बिघडलं तं पाण्याच्या बोटानं पुसून घे, पुन्हा कर. माती चार दिवस सगळं पुसू देते.

पाचव्या दिवसानंतर ती वाळीन, मंग कोणाच्यानं उघडणार नाही.

गोपिका